घरी छापलेला दशावतारी गंजिफा : आठवडाभराच्या नोंदी

खेळायला, म्हणजे खरोखर टेबलावर आपटायला, दशावतारी गंजिफ्याचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, संच करायचा आहे. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण १२० पानं, सगळी गोल. आमच्या खेळगटातल्या एकाकडे सावंतवाडीचा हातानं रंगवलेला संच आहे. तो चहा-भज्यांच्या टेबलावर आणायला तो तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून हा दुसरा, राबवायचा संच. पुढे कुणी करणार असेल तर खर्च आणि अडचणी हाताशी असाव्यात म्हणून या नोंदी.

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

माप आणि मांडणी. डिजिटल छपाईवाल्यांकडे बारा बाय अठरा इंची शीट चालते, म्हणजे ३०५ बाय ४५७ मिलिमीटर. मशीन कडेला थोडी जागा सोडतं. पान ७० मिलिमीटर व्यासाचं आणि दोन पानांमध्ये ३ मिलिमीटर फट धरली की आडवी चार, उभी सहा अशी चोवीस पानं बसतात. चोवीस म्हणजे बरोब्बर दोन रंग; पाच शीटमध्ये अख्खा संच. ७५ चा व्यास घेतला तर शीटवर पंधराच पानं येतात आणि आठ शीट लागतात. विषय तिथेच संपला.

मांडणी इंकस्केपमध्ये, म्हणजे चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. एक वर्तुळ नीट करून घेतलं की बाकीची नक्कल. वेळ खाल्ला तो आकड्यांनी.

गोल पानाला कोपरा नसतो. नेहमीच्या कॅटमध्ये कोपऱ्यातला आकडा बघून हातातली पानं कळतात. इथे पानांचा पंखा उघडला की प्रत्येक पानाची नुसती कोर दिसते, आणि ती कुठल्या बाजूची असेल ते नशिबावर. पारंपरिक पानांवर आकडे छापलेले नसतात, चिन्हं मोजायची. सरावलेल्या माणसाला ते नजरेनं जमतं. आमच्याकडे येणारी मंडळी कॅटान आणि कारकासोनसारखे बोर्डगेम खेळून आलेली आहेत, त्यांना आठ मासे की नऊ मासे हे मोजायला लावलं तर एक डाव संपायला रात्र होईल. म्हणून मधे चिन्हं ठेवलीच, शिवाय कडेला चारही दिशांना आकडा.

घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर एक रंग छापला, कात्रीनं कापला आणि बहिणीबरोबर बसलो. तिनं तिर्री समजून छक्की टाकली. मग लक्षात आलं : देवनागरी ३ उलटा धरला की जवळजवळ ६ दिसतो. शेपटीचा फरक आहे, पण सात मिलिमीटरच्या आकड्यात शेपटी बघतंय कोण! चौकोनी पत्त्याला निदान वर-खाली असतं, गोल पान कसंही हातात येतं. उपाय सोपा निघाला. प्रत्येक आकड्याच्या पायाशी एक जाड आडवी रेघ. रेघ जिकडे तिकडे आकड्याचा तळ. इंग्रजी आकडे वापरून ६ आणि ९ चा घोळ ओढवून घेण्यापेक्षा हे बरं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काम शून्य. दिवस ग्रुपवर गेला.

खेळगटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुमारे तीनशे जणांचा आहे. रविवारी प्रत्यक्ष येतात त्यातले वीस-पंचवीस. सकाळी मी एवढंच टाकलं, की गंजिफ्याचा संच करतोय, राजा आणि प्रधानाच्या चित्रांबद्दल काही सुचतंय का. दहा मिनिटांत एकानं एआयकडून काढून घेतलेले दहाच्या दहा अवतार टाकले. चकचकीत, सोनेरी, सगळ्यांचे चेहरे एकाच घरातल्या भावंडांसारखे. वामनाच्या छत्रीला दोन दांडे होते आणि परशुरामाच्या हाताला सहा बोटं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मग गटातल्या एका चित्रकार मुलीनं लिहिलं, "हे वापरणार असाल तर मी रविवारपासून नाही." तिथून पुढे जे व्हायचं ते झालं. कलाकारांचं पोट, यंत्रमाग आले तेव्हा काय झालं, तुम्ही मोबाइल वापरता ना मग, वगैरे वगैरे. दुपारी तिसऱ्याच एकानं, वाद मिटवायला म्हणून, सावंतवाडीच्या एका संचाचे स्वच्छ स्कॅन टाकले : "हेच छापा की, आपलीच परंपरा आहे."

हे तर त्याहून वाईट. ती चित्रं परंपरेनं आपोआप उगवलेली नाहीत, कुणीतरी बसून रंगवली आहेत. ही कला बंद पडायच्या बेतात असताना तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली, आणि आजही राजवाड्यात ते काम चालतं. त्या माणसांची कमाई संच विकला गेला तरच होते. शिवाय सावंतवाडी गंजिफ्याला भौगोलिक मानांकन आहे. पुण्यात डिजिटल प्रेसवर काढलेल्या संचाला ते नाव लावायचं नाही, हेही त्यात आलंच. हे सगळं मी सभ्य भाषेत लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "इतकं काय मनावर घेता, घरच्या घरी तर खेळायचंय."

संध्याकाळपर्यंत चित्रकार मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली. अ‍ॅडमिन ताईंनी 'फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबलं आणि स्कॅन सगळ्यांसाठी डिलीट केले. त्याआधी किती जणांनी ते उतरवून घेतले असतील ते देव जाणे. बटण दाबल्यावर लोक शांत होतात असं वाटत असेल तर चूक आहे. मला वैयक्तिक मेसेज यायला लागले, त्यातले निम्मे दुसऱ्याबद्दलच्या तक्रारींचे.

ठरलं ते असं : स्कॅन नाहीत, एआय नाही. चित्र मिळालं नाही तर राजा म्हणजे त्या अवताराचं चिन्ह छत्राखाली, प्रधान म्हणजे तेच चिन्ह निशाणासह. माझ्या हाताला यापेक्षा जास्त येत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नारायण पेठेत छपाईवाल्याकडे. तुळशीची लग्नं नुकतीच झाली आहेत, त्यामुळे लग्नपत्रिका आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं यांनी सगळे प्रेस भरलेले. "पाच शीट? शुक्रवारी या." प्रूफ, म्हणजे तपासायला नमुना छपाई, मात्र लगेच काढून दिलं. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी छपाई ४५ रुपये शीट, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन १६ रुपये.

लॅमिनेशन एकाच बाजूला करून पैसे वाचवायचा विचार कुणी करू नये. नमुन्याला त्यांच्याकडचा तसा एक तुकडा मागून घेतला होता, तो घरी येईपर्यंत पन्हळीसारखा वळला. ग्लॉसीही नको. ट्यूबलाइटचा झोत पानावर पडतो आणि समोरच्याच्या हातातलं पान शेजाऱ्याच्या चष्म्यात दिसतं.

प्रूफमध्ये तीन गोष्टी बिघडलेल्या.

पुढची आणि मागची बाजू एकमेकींवर नेमकी बसत नाहीत, मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतात. छपाईवाल्याच्या मते हे चालायचंच, आणि डिजिटलमध्ये खरंच चालायचंच. मागच्या बाजूला मी कडेनं नाजूक सोनेरी गोल काढला होता. तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब झाला. शिवाय सरक पानागणिक वेगळी, म्हणजे पाठीवरूनच पान ओळखता येणार. गोल काढून टाकला. आता पाठीवर सगळीकडे एकसारखी बुट्टी आहे, कुठूनही कापली तरी फरक पडत नाही.

दुसरं, रंग. पडद्यावर नरसिंहाचा शेंदरी आणि परशुरामाचा तांबडा अगदी वेगळे दिसत होते. कागदावर मॅट फिल्मखाली दोघांचा एकच विटकरी झाला. दहा रंग दिव्याच्या उजेडात वेगळे दिसायला हवेत, ही अपेक्षाच जास्त आहे. त्यात आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा फरक कळत नाही. म्हणून रंगावर भिस्त न ठेवता कडेच्या पट्टीत प्रत्येक अवताराची वेगळी नक्षी घातली : लाटा, खवले, त्रिकोण, ठिपके, वेल. हातात पंखा धरल्यावर दिसते ती कडाच, तेव्हा ओळख तिथेच हवी.

तिसरं, काळी पार्श्वभूमी. देखणी दिसते, पण कापल्यावर कडेचा पांढरा कागद डोळ्यात भरतो. पार्श्वभूमी फिकट पिवळी केली.

रात्री त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे बघून आल्यावर चित्रकार मुलीचा फोन. दहा अवतारांची रेखाचित्रं ती करून देणार, दोन अटींवर : मानधन आणि चित्रांची फाइल ग्रुपवर फिरवायची नाही. दोन्ही मान्य. ग्रुपमध्ये ती परत आलेली नाही, मी आग्रहही केला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अ‍ॅडमिन ताईंनी सकाळी ग्रुप उघडला. दुपारपर्यंत दुसरं भांडण उभं. हे निदान खेळाबद्दल होतं.

गंजिफ्यात अर्धे रंग सुलट चालतात आणि अर्धे उलट. राजा आणि प्रधान सगळीकडे वरच; पण पाच रंगांत त्यांच्याखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. हुकूम नावाची भानगड नाही. त्यामुळे कुठल्या रंगात काय मोठं हे डोक्यात पक्कं नसेल तर हात गेलाच म्हणून समजा. मत्स्य ते वामन हे पाच एकीकडे आणि परशुराम ते कल्की दुसरीकडे, इथवर एकमत. यांतले उलटे कुठले?

कुडाळच्या एकानं आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. दुसऱ्यानं कंपनी सरकारच्या काळातल्या इंग्रजी लेखाचं पान टाकलं, त्यात नेमकं विरुद्ध असल्याचा त्याचा दावा. "आजोबा की साहेब?" असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि मग खेळ राहिला बाजूला. एकानं मतदान लावलं. मतदान करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक असे, की ज्यांनी गंजिफा आयुष्यात हातात धरलेला नाही. एकानं मला खासगीत विचारलं, की गंजिफा म्हणजे तंबाखूचा काही प्रकार आहे का.

खेड्यापाड्यांतून, घराघरांतून खेळलेल्या खेळाचा एकच खरा नियम शोधत बसणं मला पटत नाही. ओडिशातला गंजपा वेगळा, बंगालात विष्णुपूरचा वेगळा, मोगलांचा आठ रंगांचा आणि ९६ पानांचा तर आणखी वेगळा. आपल्या रमीत तरी दोन घरांचे नियम कुठे जुळतात?

पण छापायला तर द्यायचंय. आधी वाटलं, सुलट रंगाला वर टोक केलेला त्रिकोण आणि उलट्याला खाली टोक. फाइलमध्ये घालूनही झालं. मग आठवलं, की गोल पानाला वर-खाली नाही! सोमवारी आकड्यांच्या निमित्तानं हेच शिकून झालं होतं. शेवटी असं केलं : मत्स्य ते वामन या पाचांना कडेला एक जाड रेघ, परशुराम ते कल्की या पाचांना दोन बारीक रेघा. पानं एवढंच सांगतात, की हे पाच एका गटातले आणि ते पाच दुसऱ्या. उलटे कुठले, ते डाव मांडताना टेबलावर ठरवा. आजोबाही खूश, साहेबही खूश.

याच दिवशी पैशांचं. पंचिंगचा, म्हणजे साच्यानं पानं कापून घेण्याचा, हिशेब (खाली आहे) एका संचाला परवडत नाही, म्हणून "कुणाला संच हवाय?" असं विचारलं. '+१' ची झड लागली, एकतीस झाले. संध्याकाळी यूपीआयचा नंबर दिला आणि रात्री दहापर्यंत पैसे भरणाऱ्यांचेच संच निघतील असं लिहिलं. पाच जणांनी भरले. त्या पाचांत चित्रांवरून भांडणारा एकही नाही, एआयची बाजू घेणारा नाही आणि विरोध करणारा नाही. पुढे कुणी करणार असेल तर '+१' वर डाय (कापायचा साचा) बनवायला टाकू नका.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

छपाई आणि कापणी. कापणीचे पर्याय आधी चाचपले होते, ते एका ठिकाणी लिहितो.

हाताचा गोल पंच : पातळ कागदाला ठीक. लॅमिनेट केलेल्या ३०० जीएसएमला तो चावतो आणि सोडत नाही. हँडलवर उभं राहिलो तेव्हा पान निघालं, पण कडेला फिल्म सुटलेली.

लेसर : गोल अगदी नेमका येतो. पण कड तपकिरी जळते, फिल्म वितळून बारीक गाठ होते आणि जळका वास दुसऱ्या दिवशीही पानांना येत होता. लाकडाला छान, याला नाही.

डाय पंचिंग : लाकडी फळीत गोल पाती ठोकून साचा करतात, तो शीटवर दाबायचा. चोवीस गोलांची डाय २६०० रुपये. पंचिंगचे किमान ६०० रुपये, मग पाच शीट असोत की पन्नास. एकच गोल असलेली डाय बरीच स्वस्त पडते, पण मग प्रत्येक पान वेगळं लावायचं. १२० वेळा ते नेमकं कोण लावणार? पंचिंगवाल्या काकांनी सरळ हात जोडले.

सहा संचांचा हिशेब असा : छपाई आणि लॅमिनेशन प्रत्येकी ३०५ प्रमाणे १८३०, डाय २६००, पंचिंग ६००. एकूण ५०३०. प्रत्येकी ८५० घेतले, सत्तर रुपये उरले ते पॉलिश पेपरला. प्रूफ आणि मानधन माझ्या खिशातून. एकट्याचाच संच केला असता तर ३५०५ रुपये पडले असते, आणि त्यात थोडी भर घालून कारागिरांकडून घेणं मी पसंत केलं असतं. डाय आता माझ्याकडे आहे, तेव्हा पुढच्या संचांना ती रक्कम लागणार नाही.

एक गोष्ट काकांकडून कळली. शीट मशीनमध्ये सुटी होऊ नये म्हणून डायच्या पात्यात बारीक खाचा ठेवतात. त्यामुळे प्रत्येक पान दोन-तीन ठिकाणी शीटला धरून राहतं, नंतर हातानं सोडवायचं. सोडवलं की तिथे मोहरीपेक्षाही लहान कण कडेला राहतो. दिसत नाही, बोटाला लागतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पानं सोडवणं आणि घासणं.

हे कण नुसते दिसण्यापुरते असते तर सोडून दिले असते. पण शीटवरच्या जागेप्रमाणे कणाची जागा ठरलेली असते, म्हणजे कुठल्या बाजूला कण लागतो त्यावरून बोटानं अंदाज बांधता येतो. बहिणीनं डोळे मिटून तीन पानं ओळखून दाखवली. तिला पत्ते खेळायला बसवू नये हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

चोवीस पानांची चळत दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट धरायची, कडेवर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं. एकेक पान घासू नका, कड गोलाईची न राहता चपटी होते. चळत सैल धरली तरी तेच. मधूनमधून पानं फिरवून पुन्हा चळत लावायची, नाहीतर एकाच जागी खोलगा पडतो.

डबा : सावंतवाडीचा संच रंगवलेल्या लाकडी पेटीत येतो. आमची १२० पानांची चळत पाच सेंटिमीटरच्या आत बसते. तुळशीबागेत झाकणाची एक स्टीलची डबी मिळाली, आतून आठ सेंटिमीटर रुंद, ९० रुपये. पानं आत खडखडतात, म्हणून तळाशी फेल्टचा गोल.

रविवार, ९ नोव्हेंबर

सोसायटीच्या हॉलमध्ये पहिला खेळ. आधी पिसणं : गोल पानं नेहमीसारखी हातात पिसता येत नाहीत, निसटतात. चादर अंथरून सगळी पालथी पसरायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. मॅट फिल्ममुळे छान सरकतात.

तिघांत खेळायचं तर प्रत्येकी चाळीस पानं. सत्तर मिलिमीटरची चाळीस गोल पानं एका हातात कुणाच्याच मावली नाहीत. पाच जणांत चोवीस-चोवीस वाटली तेव्हा जमलं, तरी दहावीतल्या मुलाची पानं दोनदा जमिनीवर सांडली. तिघांसाठी खाच पाडलेली लाकडी पट्टी लागेल.

दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. पहिला डाव रामाच्या उतारीनं सुरू झाला, दीड तास चालला. दुसरा वाटून होईपर्यंत हॉलमधले दिवे लागले होते. रामवाला म्हणाला, अजून उजेड आहे. कृष्णवाली म्हणाली, दिवे लागले म्हणजे रात्र. कालनिर्णय बघितलं. पुण्याचा सूर्यास्त सहाच्या आसपास, आणि घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी. रामवाल्यानं उतारी केली आणि पहिल्याच हाताला कृष्णवालीनं तो हात मारला.

जाड रेघ, बारीक रेघा हे चाललं. डाव मांडताना एकानं कागदावर 'जाड : दश्शी मोठी' लिहून मधे ठेवलं, त्यानंतर एकदाही वाद झाला नाही. नक्षीतली फक्त एक जोडी चुकली : कूर्माचे खवले आणि मत्स्याच्या लाटा पिवळ्या दिव्याखाली सारख्याच वाटतात. मत्स्याला आता ठिपके देणार आणि ठिपके ज्याचे होते त्या वराहाला काहीतरी दुसरं.

ग्रुपवर अ‍ॅडमिन ताईंनी नवा नियम लावला आहे : गंजिफ्याच्या नियमांवर मत द्यायचं असेल तर आधी रविवारी येऊन एक डाव खेळायचा. एकतीस '+१' वाल्यांपैकी चौघे पुढच्या रविवारी येतो म्हणालेत.

फाइलबद्दल विचारणा होतेय. आकडे, कडेची नक्षी, पाठीची बुट्टी आणि शीटची मांडणी एवढं मी कुणालाही देईन. राजा-प्रधानाची चित्रं त्यात नसतील, ती चित्रकाराशी बोलून घ्या. डाय हवी असेल तर नेऊन परत आणून द्या. कापून झाल्यावर पात्यांना तेल लावून कोरड्या कापडात गुंडाळायची, नाहीतर गंजते.